फेर आणि रांग

ऐका, पोट्टेहो. आपल्या अंगात लोखंड असते, मोठ्या माणसात तीन-चार ग्रॅम. त्याच्यावाचून जीव चालत नाही, पण मोकळे सुटले तर ते पेशीचीच नासधूस करते. म्हणून पेशी त्याला एकटे हिंडू देत नाही.

पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, यांच्यात हा कारभार फार नाजूक. तिथे फ्रॅटॅक्सिन नावाचे चिमुकले प्रथिन असते. यीस्टमधल्या फ्रॅटॅक्सिनवर शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. लोखंड नसताना ते सुटेसुटे राहते. भरपूर लोखंड दिले की तीन-तीन कण जुळतात, त्रिकुटांना त्रिकुटे मिळतात आणि चोवीसांचा मेळ बसतो. माणसात हे प्रथिन कमी पडले तर चालताना तोल जातो. हा आजार जर्मनीच्या फ्रीडरायख डॉक्टरांनी १८६३ मध्ये सांगितला. त्याचे जनुक सापडायला १९९६ उजाडले.

फेरिटिन हे लोखंडाचे कोठारही चोवीस तुकड्यांचेच. त्याच्या पोकळ पोटात साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. पंचविसावा तुकडा का जुळत नाही? तुम्ही फेर धरता ना, तसे आहे ते. फेर पुरा झाला की कोणाचाच हात मोकळा उरत नाही.

रांगेचे मात्र तसे नसते. शेवटच्याचा हात मोकळाच राहतो. आपल्या यवतमाळात, पांढरकवडा-मारेगावकडे, कोलामांच्या पोडांत म्हणजे वस्त्यांत, गोंड-परधानांच्या आणि इतरांच्याही घरांत सिकलसेल आहे, तो या रांगेचा आजार. रक्तातल्या हिमोग्लोबिनला लागणाऱ्या हीममध्ये लोखंड बसते ते तंतुकणिकेतच. तिथे काही बिघडत नाही. बिघाड प्रथिनाच्या साखळीत असतो. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला, की हे व्हॅलिन शेजाऱ्याच्या खाचेत रुतते, शेजाऱ्याचे त्याच्या शेजाऱ्यात. असे चौदा पदर वळून दोर होतो, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसा तुंबतात आणि हाडे ठणकतात. अंगातले पाणी आटले की पेशीत दाटी होऊन रांग लवकर लागते. म्हणून अशा पोराला भरपूर पाणी प्यायला सांगतात.

ही रांग डोळ्यांनीही दिसते. आश्रमशाळेत तपासणीवाले येतात, बोटातले थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकतात. ते द्रावण प्राणवायू काढून घेते. नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसल्या तर बरे. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रांग लागली. मग इलेक्ट्रोफोरेसिस नावाची चाचणी करून पाहतात, दोष आई-बाप दोघांकडून आला की एकाकडूनच. ज्याला तो एकाकडूनच आला, तो बहुधा ठणठणीत असतो. जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरेच संरक्षणही मिळते.

आजारी पोराला हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात. त्याने पोटातल्या बाळाचे असते तसले हिमोग्लोबिन वाढते. ते शेजाऱ्याला हात देत नाही, म्हणून रांग मध्येच तुटते. पण औषध मिळायला आधी आजार कळायला हवा. तेव्हा तपासणीवाले आले की सुईच्या भीतीने शाळेमागे पळू नका, बोट पुढे करा.