बुद्धी कशी मोजतात?

उसाचे वजन काट्यावर होते, मग बुद्धी कशावर मोजतात, असे आजीने विचारले. मी गुरुजींना विचारून हे लिहिले आहे.

बुद्धी प्रश्न विचारून मोजतात. पॅरिस शहरात आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमों यांनी १९०५ साली अशी चाचणी तयार केली. कोणत्या मुलांना शिकताना जादा मदत लागते, हे त्यांना शोधायचे होते. कुणाला ढ ठरवायचे नव्हते. हे मला लई आवडले, कारण आपल्याकडे दोन गणितं चुकली की पोराला लगेच ढ म्हणतात.

पण तिकडचे प्रश्न इकडच्या पोरांना कसे कळणार? मला बर्फावरच्या गाडीचे विचारले तर मी गप्पच बसेन. उसाच्या कांडीला डोळा कुठे असतो ते विचारा की! म्हणून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी ती चाचणी बदलून घेतली. धारवाड म्हणजे बेळगावच्या पुढे. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले.

काही चाचण्या स्वभावाच्या असतात. स्वित्झर्लंडचे डॉक्टर रोर्शाक यांनी १९२१ साली शाईच्या डागांची दहा चित्रे छापली. डागात काय दिसते ते सांगायचे. मी कागदावर शाई टाकून घडी घातली. मला म्हैस दिसली, ताईला फुलपाखरू! त्यात बरोबर-चूक नसते. अर्थ मात्र शिकलेल्या तज्ज्ञानेच लावायचा.

ताप असला, पोट रिकामे असले तर चाचणीत गुण कमी पडतात. फळ्यावरचे नीट दिसत नसले तरी तसेच. म्हणून आधी डोळे व कान तपासून घ्यावे लागतात.

— इयत्ता चौथी