कान बंद, गाणं चालू

जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिल सुरू असली की शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागतं. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही कारखान्यांची कायदेशीर मर्यादा. त्यावरच्या गोंगाटात वर्षं काढली की कान हळूहळू जातो, आधी बारीक, उंच आवाजांना.

कान गेल्यावर क्वचित कुणाच्या बाबतीत भलतंच घडतं. आसपास काही वाजत नसताना गाणं ऐकू येतं, तेही कडव्यामागून कडवं, अगदी स्पष्ट. घरच्यांना वाटतं, डोकं फिरलं, नाहीतर बाहेरचं काहीतरी. बहुतेकदा दोन्ही नसतं.

पण जे एकट्यालाच ऐकू येतं ते मोजायचं कसं? न्यूकॅसलच्या टिमथी ग्रिफिथ्स यांनी २००० साली बहिरेपणानंतर गाणी ऐकू येऊ लागलेल्या सहा जणांच्या मेंदूतला रक्तप्रवाह पेट स्कॅनने पाहिला. मेंदूचा जो भाग राबतो तिकडे रक्त जास्त धावतं, हे रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० मध्येच मांडलं होतं. अशा तपासणीत किरणोत्सारी ऑक्सिजन असलेलं पाणी शिरेतून देतात. हा ऑक्सिजन दोन मिनिटांत निम्मा उरतो, म्हणून प्रत्येक स्कॅनला नवं इंजेक्शन. दर वेळी गाणं किती जोरात होतं, हे रुग्णानंच सांगायचं. मग त्याचा शब्द आणि रक्ताचा वेग शेजारी ठेवून पाहायचे. मला यातली खरी हुशारी इथेच दिसते: रुग्णावर विश्वास ठेवल्याशिवाय हा प्रयोग होऊच शकत नव्हता.

गाणं चढलं की कानशिलामागचा भाग, लहान मेंदू, कपाळाकडचा खालचा भाग इथं रक्त वाढत होतं. खरं संगीत ऐकताना किंवा मनात आठवताना जागं होणारं हेच जाळं. कानाचा संदेश जिथे प्रथम पोचतो, तो प्राथमिक श्रवणभाग मात्र त्यात नव्हता. बाहेरून आवाज येईना, तेव्हा आतल्या मंडळींनी जुन्या साठ्यातूनच मैफल मांडली, असं म्हणा. साठा बहुधा लहानपणचा असतो. इंग्लंडात चर्चमधली स्तोत्रं. समर्थ रामदासांचं जांब ज्या जालना जिल्ह्यात आहे, तिथे मनाचे श्लोक निघाले तर नवल नको.

२०१४ मध्ये सुखबिंदर कुमार आणि ग्रिफिथ्स यांनी अशाच एका बाईंना बाखचं संगीत ऐकवलं. ते थांबल्यावर त्यांचं आतलं गाणंही थोडा वेळ मंदावलं, मग परतलं. बाहेरचा आवाज पोचला तर आतलं गाणं दबू शकतं, म्हणून उपचारात आधी कानाची तपासणी करतात आणि गरज असेल तर श्रवणयंत्र देतात. काहींचं गाणं त्यानं कमी होतं, सगळ्यांचं नाही.