तिसऱ्या फेरीचा रमजान

कर्जतच्या किंवा खोपोलीच्या मोहल्ल्यात पंच्याहत्तरी गाठलेल्या एखाद्या चाचांना यंदा विचारून पाहावे, 'चाचा, हा तुमचा कितवा रमजान?' ते बोटांवर मोजत बसले नाहीत तरी चालेल. 'या हवेतला तिसरा' एवढे उत्तर त्यांना नक्की देता येईल.

हिशेब सोपा आहे. आज 75 वर्षांचा असलेला माणूस 1960 मध्ये नऊ वर्षांचा होता. त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता रमजान लागला आणि मार्चअखेर ईद झाली. महाराष्ट्र राज्य स्थापन व्हायला अजून महिना बाकी होता. कर्जत आणि खालापूर हे तालुके कुलाबा जिल्ह्यात होते; जिल्ह्याला रायगड हे नाव 1981 मध्ये मिळाले. पुढे 1993 मध्ये रमजान पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. तोवर तो मुलगा बेचाळीस वर्षांचा कर्ता पुरुष झाला होता. आणि आता 2026 मध्ये हा महिना तिसऱ्यांदा त्याच दिवसांत आला आहे. पहाटे सहेरीला जरासा गारवा, दुपारी तापू लागलेले ऊन, घाटाकडे फुललेला पळस आणि संध्याकाळी पावणेसातच्या आसपास मगरिबची अजान.

हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान दर वर्षी तेवढे दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून मूळ जागी येतो. आपल्या पंचांगातले महिनेही चंद्राचेच, पण तिथे दर तीन वर्षांनी अधिक मास घालून सूर्याशी जुळवून घेतात. त्यामुळे गणपती पावसात आणि दिवाळी पाऊस सरल्यावरच येते. यंदाचा अधिक मास तर ज्येष्ठाचा आहे, मे-जूनमध्ये. वय वाढलेल्यांसाठी 'अधिक ज्येष्ठ' हे नाव यापेक्षा चांगले कुठून मिळणार? हिजरी पंचांगात अशी भर घालत नाहीत. परिणामी सूर्याच्या हिशेबाने सत्तर वर्षांचा माणूस चंद्राच्या हिशेबाने बहात्तरीत पोहोचलेला असतो. वय लपवायचे असेल तर इंग्रजी कॅलेंडर धरावे आणि मान हवा असेल तर हिजरी, अशी सोय आहे.

म्हातारपणाचे तोटे सगळ्यांना पाठ असतात. गुडघे, साखर, रक्तदाब, चष्म्याचा नंबर, रात्रीची उडालेली झोप. पण एक सुख असे आहे की जे पैशाने, शिक्षणाने किंवा हुशारीने मिळत नाही, फक्त वयानेच मिळते. तोच महिना, त्याच ऋतूत, पुन्हा वेगळ्या जागेवरून पाहण्याचे सुख. पहिल्या फेरीत तो मुलाच्या नजरेतून दिसतो, दुसऱ्या फेरीत कमावत्याच्या आणि तिसऱ्या फेरीत आजोबांच्या.

या भागात रमजानचे ऋतू लोकांच्या आठवणीत कामाशी आणि खाण्याशी जोडलेले आहेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रमजान जून-जुलैत यायचा. तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि अंगावर दिवसभर पाऊस, अशा अवस्थेत भाताची लावणी करणारी माणसे अजून आहेत. रोजा साडेचौदा तासांच्या घरात जायचा. पुढे रमजान मे महिन्यात सरकला आणि इफ्तारच्या ताटात आंबा आला. नव्वदचे दशक संपताना तो डिसेंबर-जानेवारीत होता. दिवस लहान, रोजा सव्वाबारा तासांचा. पण सहेरीच्या वेळी वजूचे पाणी बर्फासारखे. त्यानंतर 2013 ते 2016 या वर्षांत पुन्हा पाऊस आणि पुन्हा लावणी, पण तोवर शेतात जाणारी मुले कमी झाली होती. 'आमच्या वेळी' म्हणून ज्येष्ठ माणूस बोलू लागला की तरुण मंडळी कंटाळतात. पण रमजानपुरते हे बोलणे म्हणजे चालते-बोलते पंचांग असते. 2030 मध्ये एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होणार, जानेवारीच्या आरंभी आणि डिसेंबरच्या शेवटी, हे ऐकून नातवंडे चकित होतात. आजोबा चकित होत नाहीत. त्यांनी 1997 पाहिलेले असते.

फिरून आलेल्या ऋतूबरोबर सगळ्याच आठवणी गोड येत नाहीत. 1993 चा रमजान मुंबईच्या दंगलींपाठोपाठ आला आणि 12 मार्चचे बॉम्बस्फोट त्याच महिन्यात झाले. कर्जत, नेरळ, खोपोलीहून रोज मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या घरी, मग ते घर कोणाचेही असो, गाडी वेळेवर न आल्यास जीव टांगणीला लागायचा. ज्यांनी ते दिवस कर्तेपणी पाहिले, तेच आज मोहल्ल्यातले ज्येष्ठ आहेत. एखादी अफवा मोबाइलवर फिरू लागली की तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून 'बेटा, आधी खरे काय ते बघ' म्हणणारा माणूस गावाला लागतो. तो धीर पुस्तकातून येत नाही. तो त्या वर्षांतून आलेला असतो.

लोकलने नोकरी केलेल्यांना निवृत्तीनंतर मिळणारे एक सुख बाहेरच्यांच्या सहज लक्षात येणार नाही. मुंबईहून कर्जत सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे दोन तासांच्या आसपास गाडीत. खोपोलीकरांना त्यापुढे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी स्थानके. संध्याकाळच्या गाडीत रोजा सोडण्याची वेळ कधी बदलापूरला गाठते, कधी वांगणीला. डब्यातल्या डब्यात खजुराची पुडी फिरते, शेजारचा सहप्रवासी स्वतःची पाण्याची बाटली पुढे करतो, कोणी भजी आणलेली असतात. उभ्यानेच एक खजूर तोंडात टाकायचा आणि नमाज घरी पोहोचल्यावर. त्या डब्यातल्या मैत्रीला तोड नाही, हे खरेच. पण तीस-पस्तीस वर्षे असे काढल्यावर पहिल्यांदा आपल्या घरच्या दस्तरखानावर, आपल्या माणसांत, अजानची वाट पाहत बसायला मिळते तेव्हा निवृत्तीचा खरा अर्थ कळतो. खोपोलीच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम केलेल्यांचेही तसेच. दुसऱ्या पाळीत रोजा सोडायचा तो यंत्राशेजारी. आता घड्याळ त्यांचे स्वतःचे आहे.

हा मोकळा वेळ ज्येष्ठ मंडळी वाया घालवत नाहीत. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत एतिकाफ असतो. मशिदीतच राहायचे, तिथेच झोपायचे, बाहेरच्या व्यवहारापासून दूर राहून इबादत करायची. मोहल्ल्यातून निदान एकाने तरी बसावे, अशी रीत आहे. नोकरदाराला दहा दिवसांची रजा कोण देणार? म्हणून हा मान बहुधा पिकल्या दाढीकडे जातो. तरावीहच्या लांब नमाजात मागच्या बाजूला मांडलेल्या खुर्च्यांची रांग हीसुद्धा त्यांचीच. उभे राहणे झेपत नसेल तर बसून नमाज पढायची मुभा धर्मानेच दिली आहे. सुरुवातीला त्या खुर्चीवर बसायला संकोच वाटतो. पण चार दिवसांत शेजारच्या खुर्चीवरच्या वर्गमित्राशी गाठ पडते आणि संकोच संपतो.

या वयाची खरी परीक्षा मात्र डॉक्टरांच्या दवाखान्यात होते. 'या वर्षी रोजे नकोत' हे वाक्य अनेकांना आजाराच्या नावापेक्षा जड जाते. ज्याने वयाच्या नवव्या वर्षी पहिला रोजा धरला आणि त्या दिवशी गळ्यात फुलांचा हार मिरवला, त्याला साठ-पासष्ट वर्षांनी दुपारी बाराला गोळीबरोबर भाकरी खावी लागते, तीही घरात सगळे उपाशी असताना. काही जण दार लावून जेवतात. काही जण डॉक्टरांना न सांगता रोजा धरतात आणि साखर उतरून पडतात. एकादशी सोडावी लागलेल्या शेजारच्या आजींना हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

इथे धर्माचा नियम माणसापेक्षा मऊ आहे. आजारी माणसाने बरे झाल्यावर रोजे भरून काढावेत. ज्याला वयामुळे किंवा न बऱ्या होणाऱ्या आजारामुळे ते पुढेही शक्य नाही, त्याने प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूचे पोट भरावे. याला फिदया म्हणतात. कोणी शिजवलेले जेवण देतो, कोणी मौलानांना विचारून ठरलेल्या मापाने धान्य देतो. भाताच्या वाणांना ज्या गावाचे नाव लागले, त्या कर्जतच्या मातीत धान्याने केलेली ही परतफेड शोभूनही दिसते. म्हणजे ज्येष्ठाचा रमजान संपत नाही, त्याचे काम बदलते. इतके दिवस त्याने स्वतःची भूक सांभाळली, आता दुसऱ्याची सांभाळायची. ज्यांनी हे मनापासून स्वीकारले, त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा राहत नाही. औषधांच्या वेळा बदलून रोजे जमतील का, हे मात्र रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारलेले बरे.

घरातल्या दादी-नानींचे सुख वेगळे आहे आणि ते उशिरा येते. पुरुष निवृत्त होतो, चूल होत नाही. चाळीस-पन्नास रमजान तिने सगळ्यांच्या आधी उठून सहेरी केलेली असते आणि सगळ्यांच्या नंतर इफ्तारची भांडी आवरलेली असतात. सुनेने आणि नातवाने मिळून स्वयंपाकघर हाती घेतले आणि 'दादी, तुम्ही नुसते सांगा' असे म्हटले, की तिचा ज्येष्ठपणा सुरू होतो. मग ती घावण्याचे पीठ किती सैल हवे ते बाहेरूनच सांगते आणि शिरखुर्म्यासाठी ईदच्या आदल्या रात्री सुका मेवा कातरायला बसते. ते काम ती कोणाला देत नाही. तेवढा हट्ट तिचा असू द्यावा.

ज्येष्ठपणाची ही सुखे सगळ्यांना सारखी मिळत नाहीत. पेन्शन असलेल्याचे म्हातारपण आणि हातावर पोट असलेल्याचे म्हातारपण यांत फरक आहे. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला आणि 65 ते 75 वयाच्यांना तिकीट अर्धे आहे. त्यामुळे आडगावच्या लेकीकडे ईदच्या दुसऱ्या दिवशी जाणे सोपे झाले. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च 2020 मध्ये थांबली. त्याच वर्षीचा रमजान टाळेबंदीत गेला. मशिदी बंद, तरावीह घरात, ईदची गळाभेट नाही आणि पासष्टीपुढच्यांना उंबरठा ओलांडू नका असा सल्ला. 2021 चा रमजान दुसऱ्या लाटेत आला. मागच्या रांगेतल्या कितीतरी जागा त्या दोन वर्षांत रिकाम्या झाल्या. म्हणून आज त्या रांगेत बसलेल्यांना नुसते एकमेकांशेजारी बसणेही सुखाचे वाटते. मोहल्ल्याबाहेर ज्येष्ठ नागरिक संघाच्या बाकावर बसणारे त्यांचे सोबतीही हेच सांगतील.

आणखी एक हिशेब दोन्ही घरांत आहे. हिंदू घरांत माणसाने ऐंशी ओलांडली की सहस्रचंद्रदर्शन करतात, हजार पौर्णिमा पाहिल्याचा सोहळा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्रींत शब-ए-कद्र शोधतात आणि त्या एका रात्रीच्या इबादतीचे मोल हजार महिन्यांहून अधिक मानतात. हजार चांद्रमास म्हणजे हिजरी 83 वर्षे आणि 4 महिने, सूर्याच्या हिशेबाने साधारण 81 वर्षे. म्हणजे एक भरलेले आयुष्य. एका परंपरेने ते आयुष्य मोजून त्याचा सत्कार केला, दुसरीने एका रात्रीत तेवढे देऊ केले. दोन्हीकडे मोजमाप चंद्राचेच.

यंदा या भागातल्या अनेक घरांत कोणा सात-आठ वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने पहिला रोजा धरला असेल. रमजान याच हवेत पुन्हा येईल तो 2059 मध्ये, तेव्हा हे मूल चाळिशीत असेल. आज त्याच्या गळ्यात हार घालणाऱ्या आजोबांना हे गणित चांगले ठाऊक आहे. तरीही ते संध्याकाळी त्याला शेजारी बसवतात, अजान होईपर्यंत 1960 च्या गोष्टी सांगून त्याचे भुकेवरचे लक्ष उडवतात आणि पहिला खजूर त्याच्या हातावर ठेवतात.