वरच्या लेन्सने बघायचं, खालच्या लेन्सने टिपायचं

ट्विन-लेन्स रिफ्लेक्स कॅमेऱ्याच्या दोन लेन्सपैकी फोटो काढते ती फक्त खालची. वरची नुसती बघायला. तिच्यामागचा तिरका आरसा समोरचं दृश्य डोक्यावरच्या दुधी काचेवर टाकतो आणि फोटोग्राफर मान खाली घालून ते बघतो. बघण्यासाठी वेगळी लेन्स विकत घ्यायची, हा खर्च हिशेबी माणसाला पटणार नाही. पण त्या पैशात मिळतो तो जागचा न हलणारा आरसा. एका लेन्सच्या रिफ्लेक्समध्ये बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि नेमक्या त्या क्षणी चित्र गायब होतं. इथे ते दिसतच राहतं. नवरीने डोळे मिटले का, हे रोल धुवायच्या आधी कळतं. शिवाय शटर लेन्समध्येच असल्याने आवाज जेमतेम ‘टिक’ एवढा, आणि फ्लॅश कुठल्याही स्पीडला चालतो.

दोन लेन्सची कल्पना जुनी. तिला हातात मावणारं रूप दिलं ते जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरातल्या पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके यांनी. त्यांची कंपनी १९२० सालची. सुरुवातीला ते स्टिरिओ कॅमेरे बनवत: आडव्या पेटीत तीन लेन्स, कडेच्या दोन फोटोसाठी, मधली बघण्यासाठी. त्यातली एक लेन्स कमी करून पेटी उभी केली की १९२९चा रोलायफ्लेक्स तयार, असं म्हणायला हरकत नाही. हा पहिला कॅमेरा ११७ नंबरचा रोल घेई आणि त्यावर फक्त सहा फोटो निघत. १९३२च्या मॉडेलमध्ये १२०चा रोल आला आणि ६ बाय ६ सेंटिमीटरचे बारा फोटो हे गणित ठरून गेलं.

माझ्या मते या घराण्याचा खरा मानकरी १९३७चा रोलायफ्लेक्स ऑटोमॅट. १२०च्या रोलमध्ये फिल्मच्या मागे लांबलचक कागद असतो आणि फिल्म बऱ्याच पुढे सुरू होते. इतर कॅमेऱ्यांत मागच्या लाल खिडकीतून कागदावरचे आकडे बघत बसावं लागे. ऑटोमॅटमध्ये कागदाचं टोक दोन रुळांच्या मधून ओवायचं, झाकण लावायचं आणि हँडल फिरवायचं. नुसता कागद सरकतो तोवर काही घडत नाही. कागदाला फिल्म चिकटवलेली जागा आली की जाडी किंचित वाढते, तेवढ्याने रूळ उचलला जातो आणि काउंटर पहिल्या फोटोवर येऊन थांबतो. बॅटरी नाही, वायर नाही. चिकटपट्टीची जाडी ओळखणारं यंत्र! तेच हँडल पुढे फिरवलं की फिल्म सरकते, उलट फिरवलं की शटर चढतं. कागद रुळांमधून न ओवता वरून नेला, तर मात्र अख्खा रोल न थांबता गुंडाळला जातो.

दोन लेन्सचे तोटेही आहेत. वरची लेन्स बघते ते खालची थोडं खालून बघते. दूरच्या डोंगराला फरक पडत नाही, जवळच्या माणसाचं डोकं कापलं जातं. रोलायफ्लेक्समध्ये फोकसचं चाक फिरवलं की दुधी काचेखालची चौकटही सरकते आणि ही चूक बरीचशी भरून निघते. डाव्या-उजव्याची अदलाबदल मात्र काचेवर तशीच राहते. पोर डावीकडे धावतं, काचेवर ते उजवीकडे पळताना दिसतं, आणि नवखा माणूस कॅमेरा नेमका उलटा फिरवतो. क्रिकेटसाठी हा कॅमेरा नव्हेच. थांबून उभ्या असलेल्या माणसांचा तो कॅमेरा. पोटाशी धरल्यामुळे लहान मुलांचे फोटो त्यांच्याच उंचीवरून निघतात, हा आयता फायदा.

शिकागोत मुलं सांभाळणारी व्हिव्हियन मायर रस्त्यावर फोटो काढायची ते मुख्यतः रोलायफ्लेक्सने. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि १९४२ साली दिल्लीला गेलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्याकडेही स्पीड ग्राफिक या प्रेस कॅमेऱ्याच्या जोडीला रोलायफ्लेक्स होता. आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांना परवडे तो जपानी याशिका. त्याचं ६३५ मॉडेल जोडसामान लावलं की ३५ मिलिमीटरची फिल्मही घेई. मोठी निगेटिव्ह ही धंद्याची गरजच होती, कारण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे डाग टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरच भरले जात. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर ते काम करून बघा!

लेन्स बदलता न येणं या कॅमेऱ्यांना महागात पडलं. मामियाने सी मालिकेत तीही सोय केली, पण दर वेळी लेन्सची जोडीच बदलायची म्हटल्यावर वजन आणि खर्च दोन्ही वाढले. तोवर एका लेन्सचे रिफ्लेक्स बाजारात स्थिरावले होते. फ्रांके-हायडेकेंच्या रोलाय कंपनीने सत्तरच्या दशकात सिंगापूरलाही कारखाना काढला, १९८१ साली तिचं दिवाळं निघालं. पुढच्या मालकांनी थोडे थोडे रोलायफ्लेक्स बनवत ठेवले, तेही २०१५च्या सुमारास थांबलं.

१२०चा रोल अजून मिळतो, त्यामुळे जुना कॅमेरा घ्यायला हरकत नाही. दुकानात आधी शटर एक सेकंदावर लावून बघा. तेल सुकलेलं असेल तर शटर रेंगाळतं किंवा अर्ध्यात अडकतं. मग मागचं झाकण उघडून, शटर ‘बी’वर उघडं धरून खालच्या लेन्समधून उजेडाकडे बघा. कोकणपट्टीतला कॅमेरा असेल तर बुरशीची जाळी हमखास सापडते. ती खालच्या लेन्सला असेल तर सौदा सोडा. वरच्या लेन्सला असेल तर फोटोत काही उतरत नाही. तोंड वाकडं करून किंमत पाडून घ्या.