वर्गात काय शिकलो? : विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नोंदीचे महत्त्व

बीडहून परळीकडे जाणारा आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा असे दोन रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, ते धारूर तालुक्यातील तेलगाव. दिवाळीच्या सुमारास या परिसरात दरवर्षी एक विसंगत वाटावे असे दृश्य दिसते. गावालगतच्या लोकनेते सुंदररावजी सोळंके सहकारी साखर कारखान्याच्या गव्हाणीत गळीत हंगामाची पहिली मोळी पडते आणि त्याच दिवसांत बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील वाड्यातांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, थेट कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी असतात, बाजरीची पोती असतात, एखादी शेळी असते आणि शाळेत जाणारी मुलेही असतात. पहिले सत्र संपून शाळा पुन्हा भरते तेव्हा नववीच्या वर्गातील काही बाके रिकामी झालेली असतात. पुढे मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की त्यांपैकी काही मुले परत येतात, काही येत नाहीत.

जे विद्यार्थी गेले ते जाताना काय शिकून गेले होते? हजेरीपटावरून ते किती दिवस वर्गात बसले एवढे कळते. गुणपत्रकावरून त्यांना किती गुण मिळाले ते कळते. कोणता धडा उमगला, कोणता अर्धवट राहिला, कोठे मन अडखळले, याचे उत्तर मात्र फक्त त्या मुलापाशी असते आणि ते त्याला सहसा विचारले जात नाही. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याने वर्गातील अध्यापनाविषयी व उपक्रमांविषयी स्वतःच्या शब्दांत नियमित नोंद ठेवावी, या साध्या गोष्टीचा विचार येथे करावयाचा आहे. तेलगावसारख्या गावी ही हौसेची बाब उरत नाही.

मागील पाऊलखुणा

ही कल्पना नवी नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी 1910 साली विचारप्रक्रियेवर लिहिलेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, केवळ अनुभव आल्याने माणूस शिकत नाही; आलेल्या अनुभवाकडे मागे वळून पाहिल्यानंतर, त्यातील अडचण नेमकी कोणती होती हे स्वतःशी मांडल्यानंतर तो शिकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना याच ड्यूईंच्या व्याख्यानांस बसत असत. आपल्याकडे ऑक्टोबर 1937 मधील वर्धा येथील शिक्षण परिषदेनंतर आणि डॉ. झाकीर हुसेन समितीच्या अहवालानंतर नई तालीमचा जो प्रयोग सुरू झाला, त्यातही हाताने केलेल्या कामाचा हिशेब आणि त्यातून उपजणारे गणित व विज्ञान यांना मध्यवर्ती स्थान होते.

स्वातंत्र्योत्तर काळात 1952-53 च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने विद्यार्थ्याच्या प्रगतीची संचित नोंद शाळेने ठेवावी असे सुचविले आणि कोठारी आयोगानेही 1966 च्या अहवालात अंतर्गत मूल्यमापनावर भर दिला. महाराष्ट्रात 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी आकारिक मूल्यमापनाची साधने शिक्षकांच्या आता चांगल्या परिचयाची आहेत. परंतु या सर्व नोंदी शिक्षक करतो. विद्यार्थी हा त्यात नोंदविला जाणारा घटक असतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ज्या समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे, त्यात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनाला व सहाध्यायांच्या मूल्यमापनाला जागा देण्यात आली आहे. विद्यार्थ्याने आपल्याविषयी बोलावे, हे त्यामुळे धोरणाच्या पातळीवर मान्य झाले आहे असे म्हणता येईल.

मराठवाड्याच्या बाबतीत येथे आणखी एका गोष्टीचे स्मरण ठेवले पाहिजे. 17 सप्टेंबर 1948 पूर्वी निजामी राजवटीत येथील माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी, शाळेत उर्दू अशा स्थितीत शिकलेल्या पिढीला आपल्याला काय समजले नाही हे आपल्या भाषेत लिहून दाखविण्याची सोयच नव्हती. त्या पिढीची पणतवंडे आज तेलगावच्या बाकांवर बसतात. त्यांना ती सोय आहे. तिचा उपयोग किती होतो, हा प्रश्न आहे.

रस गोड, मग तो आम्ल कसा?

विषय स्पष्ट होण्यासाठी एक उदाहरण कल्पून पाहू. नववीच्या विज्ञानात आम्ल व आम्लारी यांचा पाठ आहे. शिक्षकांनी वर्गात हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घालून तो लाल झालेला दाखविला, लिंबाच्या रसाने तो पुन्हा पिवळा करून दाखविला. नंतर गावचाच कारखाना डोळ्यांसमोर आणून सांगितले की, उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून त्यात चुन्याचे दूध व गंधकाचा वायू सोडून तो उदासीनतेच्या जवळ आणतात. तास उत्तम झाला. विद्यार्थ्यांनी माना डोलावल्या. आता शेवटच्या आठ-दहा मिनिटांत एखाद्या मुलीने आपल्या वहीत पुढीलप्रमाणे लिहिले असे समजा :

‘आम्ल आंबट असतं असं पुस्तकात हाय. उसाचा रस तर गोड लागतो. मग तो आम्ल कसा? लिंबू समजलं, रस समजला नाही. आणि चुना नाही टाकला तर काय होतं, ते सरांनी सांगितलं नाही.’

ही नोंद म्हणजे पाच वाक्ये आहेत. शुद्धलेखनाच्या दृष्टीने त्यांत उणिवाही आहेत. तरीही शिक्षकाच्या हाती यातून जे येते ते दहा गुणांच्या चाचणीतून आले नसते. चाचणीत याच मुलीने ‘आम्ल चवीला आंबट असते’ असे लिहून पूर्ण गुण मिळविले असते आणि तिची अडचण तशीच राहिली असती. दुसऱ्या दिवशी शिक्षकाला पाच मिनिटे देऊन सांगता येते की, रसातील साखरेच्या भरपूर गोडीमुळे अल्प आम्लाची चव जिभेला जाणवत नाही. चव ही ढोबळ खूण आहे, दर्शक हे साधन अधिक विश्वसनीय आहे. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर त्याहून मोलाचे आहे. आम्लधर्मी रस तसाच तापविला तर त्यातील साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात, ते स्फटिकरूपाने हाती येत नाहीत आणि शेवटी मळीत जातात. म्हणजे आम्ल न मारल्यास कारखान्याचा साखर उतारा घटतो. एका मुलीच्या अडखळण्यातून रसायनशास्त्र थेट सभासदाच्या उसाच्या दरापर्यंत जाऊन पोहोचले!

उतारा या शब्दाचेही असेच आहे. गणिताच्या तासाला शेकडेवारी शिकविताना ‘उतारा दहा टक्के असल्यास एक टन उसापासून किती साखर मिळेल?’ असे विचारले, तर उत्तर 100 किलो हे सरळ आहे. परंतु ज्या घरात उतारा म्हणजे सातबाराचा उतारा, किंवा विंचू चावल्यावर दिलेला उतारा, त्या घरातील मूल शब्दाशीच अडते आणि त्याला गणित येत नाही असा निष्कर्ष आपण काढून मोकळे होतो. असे गैरसमज वहीवर उतरले तरच दिसतात.

वही कशी असावी

या कामाला छापील तक्त्याची गरज नाही. किंबहुना तो नसावाच असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. तक्ता आला की रकाने भरणे आले आणि रकाने भरणे आले की फळ्यावरचे वाक्य चाळीस वह्यांत उतरणे आले. साधी वही, आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, तासाच्या अखेरची थोडी मिनिटे. आज नवे काय कळले, काय कळले नाही आणि घरी, शेतात किंवा गावात याच्याशी मिळतेजुळते काय पाहिले, एवढ्या प्रश्नांचे भान पुरते. प्रयोग, क्षेत्रभेट, वृक्षलागवड, जलसुरक्षेचा प्रकल्प असा एखादा उपक्रम झाला असेल तर त्यात मी स्वतः काय केले हे अवश्य लिहावे. माजलगाव धरणावर, म्हणजे सिंदफणेवरील जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यावर सहल नेली जाते तेव्हा ‘धरण पाहिले, जेवण केले, आनंद झाला’ असा वृत्तांत लिहिला जातो. ‘धरणात पाणी असून आमच्या वस्तीवर टँकर का येतो?’ हा प्रश्न ज्या वहीत येईल, ती सहल खरी शैक्षणिक झाली असे समजावे.

अशा वहीतील शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईने खुणावू नयेत. भाषेच्या तासाला त्या जरूर सुधाराव्यात. ज्या वहीवर तांबड्या रेघा पडतात त्या वहीत मूल पुढच्या वेळी सुरक्षित तेवढेच लिहिते. बोलीतील ‘हाय’ आणि ‘नाय’ यांनी विचाराला बाधा येत नाही. गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरील मुलाने एखादा शब्द आपल्या भाषेतला घातला, तर त्याचा अर्थ विचारून घ्यावा. शिक्षकाच्याही शब्दसंग्रहात भर पडेल.

चाळीस-पन्नास वह्या रोज वाचणे शक्य नाही, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. एका दिवशी आठ वह्या वाचल्या तरी आठवड्याभरात वर्ग फिरून होतो. प्रत्येक वहीवर शेरा हवाच असेही नाही. मात्र एखाद्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वर्गात नाव न घेता दिले गेले, तर लिहिण्याचा उपयोग होतो ही खात्री सर्वांनाच पटते.

टोळीबरोबर जाणारी वही

आता पुन्हा त्या रिकाम्या बाकांकडे वळू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली संमत झाला व 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. पण त्याचे संरक्षण सहा ते चौदा वयोगटापुरते, म्हणजे आठवीपर्यंत आहे. आईबाप फडात असताना मुलांना गावीच राहून शिकता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालविण्यात आली. स्थलांतर करणाऱ्या बालकाला अन्य गावच्या शाळेत बसता यावे यासाठी शिक्षण हमी कार्डाची पद्धत आली. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 2021 साली संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृह योजना सुरू करण्यात आली असून तीत 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची तरतूद आहे. हे सर्व होऊनही चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ही कोपीवर स्वयंपाकाला, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरच्यांना हवी असते, आणि तेवढ्याच वयाचा मुलगा वाढे बांधायला आणि मोळ्या वाहायला. आठवीपर्यंत कायद्याने धरून ठेवलेला हात नेमका नववीत सुटतो.

अशा मुलाबरोबर वही गेली तर काय साधेल? ती शाळेची जागा घेणार नाही, याबद्दल संदेह नको. परंतु फडाजवळच्या शाळेतील शिक्षकाला किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाला ‘शेकडेवारी येते, त्रिकोणाची एकरूपता निम्मी झाली, आम्ल-आम्लारी समजले’ एवढे त्या मुलाच्याच शब्दांत वाचायला मिळेल. अंदाजाने पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करण्याचे कारण उरणार नाही. मधल्या महिन्यांतही मूल वहीत लिहीत राहू शकते. उसाच्या गाडीचे वजन कसे होते, कोयत्यामागे किती टन तोडणी झाली, मुकादमाच्या उचलीतून किती फिटले आणि किती राहिले, हा हिशेब पाहणारे मूल गणितापासून दूर गेलेले नसते. त्याला ते गणित म्हणून कोणी दाखविलेले नसते इतकेच.

एक सावधगिरी

मुले मनापासून लिहू लागली की घरचेही लिहितात. बापाने घेतलेली उचल, आईचे आजारपण आणि कधी कधी ‘हंगामाहून आल्यावर माझं लगीन हाय’ असे एखादे वाक्य. बीड जिल्ह्यात बालविवाहाचा प्रश्न किती बिकट आहे हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही; मुलीला मागे एकटी ठेवायची कोणाच्या भरवशावर, ही पालकांची चिंताही त्यामागे असते. असे वाक्य वाचल्यावर शिक्षकाने वही मिटून ठेवणे योग्य नव्हे आणि ते शिक्षकखोलीत चर्चेस घेणे तर मुळीच योग्य नव्हे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम 2006 अन्वये ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी ग्रामसेवकांकडे सोपविलेली आहे आणि 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मुलीशी एकांतात विश्वासाने बोलून, घरी जाऊन, आणि आवश्यक तेथे या यंत्रणेस कळवून पुढचे पाऊल टाकावे. वहीचे पान मात्र पुरावा म्हणून गावात फिरवू नये. एकदा तसे झाले की त्या वर्गातील एकही मुलगी पुन्हा खरे लिहिणार नाही.

त्याचप्रमाणे या वह्या तपासणीसाठी मागविण्याचा मोह पर्यवेक्षकीय अधिकाऱ्यांनी टाळावा. किती शाळांत वह्या आहेत याचा अहवाल मागितला की वह्या तयार होतात. त्यांतला विद्यार्थी नाहीसा होतो. अधिकाऱ्यांनी पाहायचेच असेल तर वर्गात बसून एखाद्या मुलाला ‘तुला काय समजले नाही?’ असे विचारावे आणि उत्तर देताना तो शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहतो की नाही, हे पाहावे.

पंचायत सदस्यांकडून अपेक्षित असलेले काम यापेक्षा वेगळे आहे आणि त्याची वेळ ठरलेली आहे. टोळ्या निघण्यापूर्वी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच, नववी-दहावीतील कोणती मुले जाणार आहेत याची यादी मुख्याध्यापकांबरोबर बसून करता येते. कोणाची आजी गावात आहे, कोणाला वसतिगृहात जागा मिळू शकते, कोणत्या मुलीसाठी चुलतीने होकार दिला तर ती राहू शकेल, हे गावातल्या माणसालाच ठाऊक असते. जी मुले तरीही जातील त्यांच्या पिशवीत पाठ्यपुस्तकांबरोबर ही वही आहे ना, हे गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी पाहता येते. आणि पट्टा पडून गाड्या तेलगावच्या चौकातून परत वळू लागल्या की, ज्या दारासमोर ट्रॉली रिकामी होत असेल तेथे दोन दिवसांत कोणीतरी जाऊन ती वही मागावी. शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहावे आणि शिक्षकाने त्याच तारखेच्या खालच्या ओळीपासून शिकविण्यास प्रारंभ करावा.