सोयाबीनचे पैसे आणि पुण्याचा महिना

पुण्यात कॉटचं भाडं दर महिन्याच्या ५ तारखेला द्यावं लागतं. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या घरी मात्र पैसे वर्षातून दोनदा येतात, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचे आणि होळीच्या सुमारास हरभऱ्याचे. शेतकऱ्याच्या घरातून शहरात शिकायला आलेल्या बहुतेक मुलामुलींची खरी अडचण इथेच असते. पैसे कमी असतातच, पण ते हंगामाने येतात आणि खर्च महिन्याने होतो. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फेब्रुवारीतल्या एका साध्या बुधवारचा हा दिनक्रम आहे.

पहाटे ५.३०

सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीत तीन कॉट आहेत. नळाला पाणी सातपर्यंतच असतं, म्हणून साडेपाचला उठायचं. पाळीपाळीने आवरून होईतो एक तास अभ्यास होतो.

कॉटचे ३,५०० रुपये, त्यात लाइट बिल आलं. दोन वेळच्या मेसचे ३,२००. हे ६,७०० महिना सुरू होताच बाजूला काढायचे, कारण छप्पर आणि जेवण यांत तडजोड नाही. घरून येणारे ६,००० आणि माझ्या कामाचे साधारण २,८०० मिळून ८,८०० होतात. त्यातून हे ६,७०० गेले आणि ५०० अडीअडचणीसाठी ठेवले की उरतात १,६००, म्हणजे आठवड्याला ४००. चहा, झेरॉक्स, साबण, पॅड, वह्या, मोबाइल सगळं या ४०० मध्ये बसवायचं.

घरून ६,००० येतात असं म्हटलं, तरी ते दर महिन्याला येत नाहीत. बाबांनी सोयाबीन विकल्यावर नोव्हेंबरमध्ये ३६,००० रुपये एकदम दिले, ते एप्रिलअखेरपर्यंत पुरवायचे आहेत. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावाने धरलं तरी माझे सहा महिने म्हणजे पावणेसात क्विंटल सोयाबीन. हा आकडा मी हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

एवढी रक्कम एकदम हातात आली की आपण श्रीमंत आहोत असं पंधरा दिवस वाटतं. म्हणून ती वेगळ्या बचत खात्यात ठेवली आहे. त्या खात्याला यूपीआय जोडलेलंच नाही. दर १ तारखेला त्यातून ६,००० रुपये माझ्या रोजच्या खात्यात आपोआप जावेत, अशी सूचना बँकेत लिहून दिली आहे. फोनवर दिसणारी शिल्लक कधीच ३६,००० नसते, त्यामुळे खर्चही तसा होत नाही.

सकाळी ७.००

कॉलेजच्या ग्रंथालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेतलं काम. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची, नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचे, पानं सुटलेली पुस्तकं बाइंडिंगला काढायची. तासावर पैसे मिळतात आणि हजेरीच्या मस्टरवर रोज सही करावी लागते. परीक्षा आणि सुट्ट्यांच्या महिन्यांत तास कमी भरतात, म्हणून माझा एक नियम आहे: या महिन्याची कमाई पुढच्या महिन्यात खर्चायची. न मिळालेल्या पैशांवर बेत आखायचा नाही.

या कामाची मला लाज वाटत नाही, उलट अभिमान आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि गरिबाच्या मुलाने कष्ट करत शिकावं हा विचार महाराष्ट्रात रुजवला. त्यांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्रही मोडलं. आज ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम करून शिकणारी आम्ही मुलं त्याच वाटेवर आहोत.

या कामामुळे कळलेली एक सोय म्हणजे पुस्तक पेढी. सत्राच्या सुरुवातीला अर्ज केला की क्रमिक पुस्तकांचा संच वापरायला मिळतो. कित्येकांना ही सोय आहे हेच ठाऊक नसतं.

सकाळी १०.०५

नाश्ता. मेसच्या काकू रात्रीच्या दोन चपात्या डब्यात देतात, त्यांच्यासोबत घरून आलेली शेंगदाण्याची चटणी. चहा बारा रुपये. पोह्यांची प्लेट तीस रुपयांना पडते, ती रोज घेतली तर महिन्याला ९०० जातात. पण न खाता दुपारपर्यंत राहणं ही काटकसर नव्हे. उपाशीपोटी तास डोक्यात शिरत नाही आणि तब्येत बिघडली की डॉक्टरांची एक फी सगळी बचत घेऊन जाते.

सकाळी १०.३०

तीन तास. परिव्यय लेखांकनाच्या तासाला स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकवतात. मी मनातल्या मनात कॉट आणि मेस एका बाजूला, चहा आणि झेरॉक्स दुसऱ्या बाजूला मांडते.

मधल्या वेळेत वर्गाच्या ग्रुपवर वाढदिवसाची कॉन्ट्री निघाली. केक आणि भेटवस्तू, माणशी १५० रुपये. मी लगेच लिहिलं, “माझे ५० धरा, कार्ड मी हाताने करते.” कोणी काही बोललं नाही. उलट अजून दोघींनी ५० केले. नाही म्हणायचं तर सुरुवातीलाच म्हणावं. हो म्हणून मग उसने घेतले की पैसेही जातात आणि मैत्रीही ताणते.

दुपारी १.४५

मेस. पुण्यात मेस लावणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा शब्द म्हणजे खाडा. सलग काही दिवस जेवायला येणार नसू, तर आधी सांगितल्यास तेवढ्या दिवसांचे पैसे वळते होतात. आमच्या काकूंकडे किमान तीन दिवस हवेत आणि आदल्या रात्री सांगायला हवं. गावी जाताना मी खाडा लिहूनच निघते. एसटीत महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खाड्याच्या पैशांत प्रवासाचा बराच भाग निघतो.

दुसरी गोष्ट रविवारची. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात आणि महिन्याचा हिशेब तिथेच फिसकटतो. बाहेर जेवलं की माणशी दीडशे, चार रविवारांचे ६००. आम्ही तिघी पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणि एकच भाजी आणतो, दही-केळी जोडीला. माणशी चाळीसच्या आसपास पडतं आणि पोट भरतं.

दुपारी ३.३०

खोलीवर कागदपत्रांचं काम. माझ्या एका रूममेटला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा लाभ मिळतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,०००, निर्वाहाला ८,०००. आज आम्ही दोघींनी तिचा हिशेब मांडला. शैक्षणिक वर्षाचे दहा महिने धरले तर जेवणाला ३,२०० येतात, मेस बरोबर भागते. राहायला येतात २,०००, पण कॉट ३,५०० ची. दीड हजारांची ही तूट तिने जूनमध्येच धरायला हवी, भाडं द्यायच्या दिवशी नाही. शिवाय हप्ता हजेरी तपासून मिळतो, म्हणजे खर्च आधी आणि पैसे नंतर. मधल्या महिन्यांची सोय आधीच लावावी लागते.

दुसरी रूममेट इंजिनीअरिंगला आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आणि ओबीसी कुटुंबांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. त्यामुळे तिच्या घरचं मोठं ओझं उतरलं. राहणं-खाणं मात्र घरच्यांनाच पाहावं लागतं.

महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाने दोन गोष्टी आधी पाहाव्यात: बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, आणि उत्पन्नाचा दाखला मुदतीतला आहे का. आम्ही दाखल्यांच्या मुदती कॉटवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

संध्याकाळी ५.३०

अप्पा बळवंत चौकातला पुस्तकांचा बाजार. जुनं पुस्तक कधी घ्यावं आणि कधी घेऊ नये हे कळायला हवं. संख्याशास्त्राचं पाच वर्षांपूर्वीचं पुस्तक आजही तेवढंच उपयोगी, ते आज १४० रुपयांना घेतलं. आयकराचं जुनं पुस्तक पन्नास रुपयांना मिळत होतं, ते ठेवून दिलं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा लागू. त्यामुळे पुढच्या वर्षी अभ्यासाला नवंच पुस्तक लागणार, आणि हे पन्नास रुपये वायाच गेले असते. येताना नोट्सची बारा पानं झेरॉक्स केली, २४ रुपये.

चौकातून परतताना मोबाइलचा रिचार्ज संपत आल्याचा मेसेज आला. २८ दिवसांचा रिचार्ज महिन्याचा वाटतो, पण वर्षात तो बारा नव्हे, तेरा वेळा करावा लागतो. मी ८४ दिवसांचा करते आणि त्यासाठी दर आठवड्याला थोडे पैसे वेगळे ठेवते.

संध्याकाळी ६.४५

कॉलेजच्या वाचनकक्षात अभ्यास. तो साडेआठपर्यंत उघडा असतो. अभ्यासिकेला महिन्याला हजार-दीड हजार मोजण्याआधी आपल्या कॉलेजची सोय किती वाजेपर्यंत आहे, हे एकदा विचारून पाहावं.

रात्री ९.००

जेवून आल्यावर बाबांचा फोन. “पैसे पुरतेत का, माय?” हा त्यांचा रोजचा प्रश्न. पूर्वी मी नुसतं हो म्हणायची. आता आकडा सांगते: बचत खात्यात किती, या आठवड्यात किती. तेही सांगतात, हरभरा कधी काढणार, मळणीवाल्याला किती द्यायचे. घरच्यांना आपला हिशेब आणि आपल्याला घरचा हिशेब ठाऊक असला की दोन्हीकडची काळजी कमी होते.

रात्री ९.३०

वही. पाच रकाने: तारीख, कशाला, किती, शिल्लक आणि शेवटी ‘ठरवून’ की ‘न ठरवता’. आजचं पान असं:

चहा १२, ठरवून.
कॉन्ट्री ५०, न ठरवता.
पुस्तक १४०, ठरवून.
झेरॉक्स २४, ठरवून.
एकूण २२६.

सोमवार-मंगळवारचे ५८ धरून २८४ झाले, ४०० मधले ११६ उरले. रविवारच्या जेवणाचे ४० वगळले तर ७६, म्हणजे चार दिवस रोज १९ रुपये. चहा आणि थोडं झेरॉक्स एवढंच. उद्याचा दिवस कसा जाणार हे आजच कळलं, हाच या वहीचा उपयोग. महिन्याच्या शेवटी ‘न ठरवता’चा रकाना तेवढा वाचते. पुढच्या महिन्यात काय बदलायचं ते त्यातच दिसतं.

फोनवर ५,००० रुपये ताबडतोब देणाऱ्या ॲपचा मेसेज येऊन पडला होता. असं कर्ज घेण्याआधी साधा हिशेब करावा. ५,००० मधून ५०० प्रक्रिया शुल्क कापून ४,५०० हातात आले आणि महिन्याने ५,००० फेडायचे असले, तर तो महिन्याला अकरा टक्क्यांचा भाव झाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज देणाऱ्याने एकूण वार्षिक खर्चाचा दर लिहून द्यायला हवा. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. मी मेसेज पुसला. अडीअडचणीच्या खात्यात दर महिन्याचे ५०० साठत आहेत, ते औषधासाठी, परीक्षा शुल्कासाठी किंवा अचानक गावी जावं लागलं तर.

रात्री १०.३०

दिवे बंद करण्याआधी विद्यार्थी मित्रमैत्रिणींना आणि त्यांच्या घरच्यांना एवढंच सांगायचं आहे. महिन्याचं बजेट प्रत्येक जण करतो, तुम्ही वर्षाचं करा. एका कागदावर बारा महिने लिहा. पैसे कोणत्या महिन्यात येणार आणि फी, डिपॉझिट, परीक्षा, प्रवास कोणत्या महिन्यात निघणार ते मांडा. आई-बाबांना विनंती आहे, तो कागद मुलांसोबत बसून भरा आणि पीक किती झालं, कर्ज किती आहे, हे मुलांपासून लपवू नका. आम्हाला खरा आकडा कळला तर आम्ही तो नक्की सांभाळू.