शाकारणी

इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर एक वाक्प्रचार लिहिला : ‘बॅटन डाऊन द हॅचेस’. ‘संकटाची आगाऊ तयारी करणे’ एवढा अर्थ सांगून ते पुढे गेले. माझे मन मात्र तेथेच अडकले. मी भीमाशंकरच्या डोंगरातला. समुद्र पाहिला तो एकदाच, शाळेच्या सहलीत.

ग्रंथालयात शोधले तेव्हा उलगडा झाला. माल चढवण्या-उतरवण्यासाठी जहाजाच्या डेकवर मोठी चौकोनी तोंडे असतात. ती म्हणजे हॅच. वादळाची चिन्हे दिसली की खलाशी ती झाकत, वर ताडपत्री ताणत आणि कडेने लाकडी पट्ट्या बसवून पाचरी ठोकत. या पट्ट्या म्हणजे बॅटन. मग लाट डेकवरून गेली तरी पाणी जहाजाच्या पोटात शिरत नसे. पुढे हा शब्दप्रयोग किनाऱ्यावर आला आणि मंदीच्या भीतीने हात आखडणाऱ्या व्यापाऱ्यालाही लागू झाला.

मराठीत याला काय म्हणावे? ‘पाण्याआधी वळण बांधणे’ अर्थाने जवळचे, पण त्यात जहाज नाही. मला ‘शाकारणे’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. तेव्हा कोळी बांधव नौका वर ओढून शाकारून ठेवतात. आम्ही डोंगरातले लोक शाकारतो ते घर! (आमच्या देवळापुढची घंटादेखील चिमाजी अप्पांनी वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणली असे सांगतात. घंटा घाट चढून आली, मग शब्दाने का येऊ नये?)

वैशाखात वडील कौले चाळतात, फुटकी बदलतात. कारवीच्या कुडाला शेणमातीचा नवा हात बसतो. पडवीला पावसाच्या अंगाने गवताचा आडोसा उभा राहतो, सरपण माळ्यावर चढते. आजी या साऱ्याला ‘आगोट’ म्हणते. “मिरगाच्या आधी मीठ-मिरची घरात आली, की मग पडंना का किती पडायचा तो,” हे तिचे ठरलेले वाक्य.

३० जुलै २०१४ नंतर ते वाक्य मी तिच्या तोंडून ऐकले नाही. त्या सकाळी आमच्याच आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर आला. रोजच्या एस.टी.च्या चालकाला गाव दिसेना, तेव्हा बाहेर बातमी कळली. १५१ माणसे गेली. मी तेव्हा चौथीत होतो. तेथेही घरे शाकारलेली असतील, मीठ-मिरची भरलेली असेल. वाचलेल्यांसाठी २०१७ साली जवळच आमडे येथे नवे गाव उभे राहिले.

खलाशाचा वाक्प्रचार जहाज तरणार असे धरून चालतो. झाकणे ठोकून आत बसायचे, वादळ वरून जाऊ द्यायचे. पायाखालची जमीनच सरकणार असेल तर तो अर्थ अपुरा पडतो.

आमची आगोट अजून होते. पण आता पाऊस लागला की वडील घरामागच्या उतारावर भेगा पाहून येतात. आणि शिधापत्रिका, सातबारा, माझी प्रमाणपत्रे यांची प्लॅस्टिकची पिशवी दाराशेजारच्या खुंटीला लटकते. ती पेटीत का ठेवत नाही, असे मी आजीला एकदा विचारले.

“निघायची येळ आली तर पेटी कोण उघडत बसंल?” ती म्हणाली.